रेडिएटरमधली हळद

वकिलांच्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये हळद मी टाकली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि हळद तिच्याच डब्यातली होती.

एकोणीसशे पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. गंगावेशीजवळच्या एका गॅरेजात आम्ही दोघं मेकॅनिक होतो. मी कोल्हापूरचा, तो गडहिंग्लजकडचा. माझ्यानंतर येऊन वर्षाच्या आत तो मुख्य मिस्त्री झाला आणि हत्यारांच्या पेटीची किल्ली त्याच्या कमरेला लागली. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. चार वर्षं एकाच छपराखाली काम केलं, तरी मी त्याला ‘पावणं’च म्हणत राहिलो. परक्या माणसाला आपल्याकडं प्रेमानं पावणं म्हणतात. मी तसं म्हणत नव्हतो आणि त्याला ते कळत होतं. तो मात्र मला अण्णा म्हणायचा. त्याचा मला जास्तच राग यायचा.

गॅरेजात मालकांचे दोन कायदे होते. एक, गळका रेडिएटर कथलाचा डाख देऊनच बुजवायचा. हळद, पीठ असलं काही टाकायचं नाही. “माझ्या गॅरेजात सैपाकघर नगं,” असं ते म्हणायचे. दुसरा, गाडीला हात लावण्याआधी आधीच्या हाताला विचारायचं. आधी ज्यानं काम केलं तो सांगेल ते खरं धरायचं आणि तिथून पुढं चालायचं.

त्या दिवशी वकिलांची गाडी गळत आली. मिस्त्री मुरगूडला कुणाचं इंजिन बघायला गेला होता, मालकही नव्हते. रेडिएटर उतरवून डाख द्यायचा तर दुपार जाणार होती आणि वकिलांचा ड्रायव्हर डोक्यावर उभा. घर गल्लीतच होतं. मी मूठभर हळद आणली, पाण्यात कालवली आणि आत ओतली. गळ थांबली. घाईत वरून पाणी भरलं आणि गाडी लावून दिली.

दुसऱ्या दिवशी गाडी वाफा सोडत परत आली. मिस्त्रीनं वरच्या पाइपला हात लावला. इंजिन भाजत होतं आणि पाइप गार.

“हवा धरलीया, पाणी फिरंना,” तो म्हणाला. झाकण काढून त्यानं आत बोट बुडवलं आणि माझ्याकडं बघितलं. “अण्णा, काल तुझा हात हुता. काय टाकलंयस काय ह्यात?”

“न्हाय की.”

“मग पाणी पिवळं कशानं?”

“गंज हाय. गाडी म्हातारी हाय, पावणं. तुमच्या गडहिंग्लजात मोटारी असत्या तर ठावं असतं.”

तो हसला नाही. “टाकलं असलं तर सांग. वरची झडप उघडून धुवाय लागंल. न्हायतर आज चालंल आन उद्या मरंल.”

“न्हाय म्हटलं न्हवं एकदा?”

ही झडप इंजिनाच्या डोक्यावर बसते. पाणी तापलं की उघडते आणि ते रेडिएटरकडं सोडते. बंद असताना अडकलेली हवा निघून जावी म्हणून तिला एक बारीक भोक असतं. बाकीच्या गाड्यांची झडप आम्ही काढूनच टाकायचो, पण वकिलांनी काढू दिली नव्हती. ते भोक हळदीनं बुजणार हे मला त्याच्याइतकंच कळत होतं.

पण माझा शब्द खरा धरायचा हा कायदा होता. त्यानं झडप उघडली नाही. गाडी दारासमोरच्या चढावर तोंड वर करून उभी केली, मागच्या चाकांना धोंडे लावले. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, पाइप मुठीत दाबत दाबत तांब्या-तांब्यानं पाणी सोडत राहिला. बुडबुडे येत होते. तासाभरानं थांबले.

“अण्णा, हात लाव.”

मी पाइपला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. पाइप तापला होता. त्यानं काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. वकील आईला घेऊन नृसिंहवाडीला निघाले. रात्रीत गार झालेल्या पाण्यात हळद झडपेवर बसली, भोक बुजलं, झडप चिकटली. शिरोळच्या अलीकडं गाडी उकळली, ड्रायव्हरनं तापल्या इंजिनात विहिरीचं गार पाणी ओतलं आणि इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, चिरलं. म्हातारीचं दर्शन चुकलं. बैल जुंपून गाडी ओढत आणावी लागली.

मालकांनी सगळ्यांसमोर मिस्त्रीला उभं केलं. “तुला साधी हवा काढाय येत न्हाय व्हय रं?”

“काढलीया, मालक. पाइप तापला हुता. ह्यानं हात लावलाय.”

मालक माझ्याकडं वळले. “तापला हुता?”

मी म्हणालो, “मला काय ठावं? मी न्हाय बघिटलं.”

त्यानं कमरेची किल्ली सोडली, बाकावर ठेवली आणि गेला.

हेड मी उघडलं. झडपेवर पिवळा गोळा बसला होता. तेव्हाही मालकांना हाक मारता आली असती. मी झडप रॉकेलनं धुतली. बोटं दोन दिवस पिवळी होती. जेवताना बायकोनं विचारलं, तर “भाजीची असंल,” म्हणालो. किल्ली माझ्याकडं आली. ‘हवामिस्त्री’ हे त्याचं नाव मीच पाडलं आणि ते इतकं चाललं की कोल्हापुरात त्याला कुणी कामाला ठेवलं नाही.

भीती होती, हे खरं. पण निम्मीच. निम्मी इच्छा होती त्यानं पडावं ही. हे लिहायला मला पंधरा वर्षं लागली.

मध्ये एकदा गडहिंग्लजला गेलतो. बाजाराच्या कडेला तो पाण्याच्या पंपाचं इंजिन खोलून बसला होता. माझ्याकडं बघून म्हणाला, “या पावणं, बसा.” चहा सांगितला. मग मान खाली घालूनच विचारलं, “त्या पाण्यात काय हुतं?”

“गंज,” मी म्हणालो आणि चहा पिऊन निघालो.

तो मला आजही आवडत नाही. आपण दोषी आहोत म्हणून समोरचा माणूस आवडायला लागतो, असं काही माझ्या बाबतीत झालं नाही.

मालक अजून आहेत, गॅरेज आहे, त्याला हवामिस्त्री म्हणणारे आहेत. हळद मी टाकली, विचारल्यावर नाही म्हणालो, पाइप तापला होता आणि हवा त्यानं नीट काढली होती, एवढं त्या सगळ्यांसमोर, त्याला तिथं उभं करून, मी सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.