जावेच्या घड्याळाचा सोन्याचा पट्टा

माझ्या डाव्या हातातून तिचं मनगट सुटलं तेव्हा फुगडी ऐन जोरात होती. आधी तळव्याला काहीतरी टोचलं, मग मुठीत कट् असं झालं, आणि जिथे हाड होतं तिथे एकदम काहीच नाही. माझी जाऊ मागच्या मागे स्टेजच्या कडेकडे निघाली. कडेच्या खाली छातीएवढी उंची आणि मग फरशी. समोर खुर्च्या भरून बायका बसलेल्या, त्या टाळ्या वाजवत होत्या. त्यांना वाटलं, हाही खेळच आहे.

जाऊ म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको. सत्तर पार केलेली. डॉक्टरने तिला साफ सांगितलं होतं, आजी, हाडं पोकळ झालीत, आता पडायचं नाही, पडलात तर खुबा जाईल. खुबा गेला की काय होतं ते आम्ही भांडुपला आमच्या चाळीत पाहिलेलं आहे. म्हातारी पडते, पलंगावर जाते, आणि पलंगावरून तिला उचलतात ते शेवटचंच. तेव्हा तिचं पडणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. तरी ती फुगडीला उभी राहिली. आम्ही कोकणातल्या बायका. फुगडी म्हटलं की पाय ऐकत नाहीत, डॉक्टर काय सांगतो ते कोण ऐकतंय!

आणि हे सगळं झालं कशामुळे, तर घड्याळाच्या पट्ट्यामुळे.

दीर तरुणपणी आखातात कामाला होता. तिकडून त्याने बायकोसाठी सोन्याचं घड्याळ आणलं. पट्टासुद्धा सोन्याचा, बारीक कड्या एकात एक गुंतवलेल्या, विणल्यासारखा. दीर आता घरी बसून टीव्ही बघतो. घड्याळ मात्र अजून जावेच्या हातात. ती ते कधी काढतच नसे. भाकरीचं पीठ मळताना हातात, नारळ खवताना हातात, आंघोळीलाही हातात. त्याच हातात काचेचा चुडा आणि सोन्याच्या दोन बांगड्या. दिवसभर सगळं एकमेकांवर खडखड घासत असायचं. शिवाय दसऱ्याला देवाची पितळी भांडी ज्या पावडरीने घासायची, त्याच पावडरीने ती पट्टाही घासायची, जुना टूथब्रश घेऊन, अगदी जोर लावून. चमकायचा मात्र झकास. दसऱ्याला हात पुढे करून सगळ्यांना दाखवायची.

म्हातारपणी तिचा हात सुकला आणि पट्टा वाढला. घड्याळ वर सरकलं तर कोपरापर्यंत जायचं, हात खाली केला की तळहातावर यायचं. मग तिने काय करावं? बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, पट्ट्याची चुणी घेतली आणि दोन कड्यांतून पिन ओवून टाकली. आमच्याकडे सगळ्याला पिनच. परकर सैल झाला, पिन. पिशवीचा बंद तुटला, पिन. सोन्याचा पट्टा सैल झाला, तर त्यालाही पिन!

मुलुंडच्या एका हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा होती. आमच्या गटात सगळ्या साठीच्या वरच्या. म्हाताऱ्या बोटांत दम नसतो, म्हणून फुगडीत आम्ही बोटं न धरता मनगटं धरतो. तर सरावाच्या वेळी तिचं ते घड्याळ माझ्या तळव्याखाली असं गरागरा सरकायचं की पकडच बसेना. मी म्हटलं, "चल गो, आधी सोनाराकडे."

भांडुप स्टेशनजवळच्या सोनाराकडे नेलं तिला. त्याने पट्टा हातात घेतला आणि पिन बघून कपाळाला हात लावला.

"ही कोणी लावली?"

"मी. का? चांगली बसलीय की," जाऊ म्हणाली.

"आजी, हे पोलाद आणि हे सोनं. कानस लावल्यासारखं झालंय बघा. या दोन कड्या अर्ध्या खाल्ल्यात तुमच्या पिनने."

मग त्याने पट्टा एका टोकाला धरला आणि कड वर करून आडवा केला. धड पट्टा असा धरला तर जवळपास सरळ राहतो, म्हणाला. जावेचा पट्टा पडवळासारखा खाली लोंबला. मला हसूच आलं. जाऊ माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मीच तो ओढून लांब केला.

"सोनं ताणलं जातं का रे एवढं?" मी विचारलं.

"सोनं नाही ताणलं गेलं. कडीच्या आत जो खिळा असतो ना, तो झिजतो, आणि त्याचं भोक मोठं होतं. इथे केसभर, तिथे केसभर. कड्या किती आहेत बघा. सगळं मिळून एवढं होतं." त्याने सुईने एका सांध्यातून काहीतरी टोकरून काढलं. "आणि हे काय आहे?"

"पीठ," जाऊ म्हणाली. "तांदळाचं."

"घाम, पीठ, ती भांड्यांची पावडर. आत पॉलिश पेपर तयार झालाय. तुम्ही हात हलवला की तो घासतो. आणि पट्टा सैल असला की जास्तच हलतो, म्हणून जास्तच घासतो."

तो तसा उद्धट माणूस, पण बोलला ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दोन कड्या काढून पट्टा बेताचा करायचा, करंगळी आत गेली म्हणजे पुरे. बांगड्या दुसऱ्या हातात. स्वयंपाकाला लागलं की घड्याळ काढायचं. धुवायचं तर कोमट पाणी, थोडा साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि मग फडक्याने अगदी कोरडं करायचं. पावडर नाही, राख नाही, रांगोळी नाही. आणि रात्री भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं नाही, फडक्यावर आडवं ठेवायचं.

"झिजलेले खिळे बदलतो," तो म्हणाला. "चार दिवस ठेवून जा."

ठेवून जा म्हटल्याबरोबर जावेने पट्टा त्याच्या हातातून ओढून घेतला.

"माझ्यासमोर कर."

"चार दिवसांचं काम तुमच्यासमोर कसं करू?"

"मी बसते की चार दिवस. डबा घेऊन येते."

"आणि दुकान बंद झाल्यावर?"

"तू तुझ्या घरी जा, मी घड्याळ घेऊन माझ्या घरी जाते."

सोनाराने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? रस्त्यावर आल्यावर मी तिला चांगलं झापलं. "तुझ्या दोन कड्या चोरून तो काय बंगला बांधणार हा?"

"वैनी, वरून सगळं सोनं सारखंच दिसता. बदलल्यान तर माका कळात?"

"मग निदान स्पर्धेच्या दिवशी तरी घालू नको."

"बांगड्या त्या हातात घालायच्या, घड्याळ पण काढायचं, मग नऊवारी नेसून हा हात भुंडा? सगळ्या बघतील ना! स्पर्धा होऊन जाऊ दे, मग बघू."

आणि रस्त्यातच उभं राहून पिन परत लावली, त्याच अर्ध्या खाल्लेल्या कड्यांतून.

स्पर्धेच्या दिवशी हॉल गच्च भरलेला. आमच्या आधीचा गट तिशीतल्या पोरींचा. एकसारख्या साड्या, ठसठशीत नथी, बारीक कंबरा. त्या नाचून गेल्या आणि आम्ही आलो, तर समोरून कोणीतरी ओरडलं, "आज्ज्या आल्या रे!" मला असा चेव आला म्हणून सांगू! जावेचे डोळेही चमकायला लागले. आम्ही मनगटं धरली, पाय जोडले, मागे रेललो आणि सुटलो. तोंडाने फू-फू असा पकवा, समोर तिचं लाल झालेलं तोंड, बाकी सगळा हॉल नुसता रेघा रेघा. इतकी वर्षं झाली, पण गावच्या अंगणात गौरीपुढे फिरायचो तशाच फिरत होतो. गुडघा दुखत नव्हता. काहीच दुखत नव्हतं. मी ओरडले, "अजून!" आणि तीही ओरडली, "अजून!"

आणि तेवढ्यात कट्.

पिन उघडून माझ्या तळव्यात घुसली, कडी तुटली, आणि पट्टा हाताखालून सर्रकन गेला. डावी पकड संपली. उरली फक्त उजवी. जाऊ फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली गेली, एक टाच कडेवर, दुसरा पाय तर हवेतच.

"वैनी, सोडू नको गो!"

"सोडतेय कशाला मेले! गप ऱ्हव!"

मी विचार वगैरे काही केला नाही. धाडकन बूड टेकलं. माझं वजन चांगलं आहे, सुना त्यावरून टोमणे मारायच्या, आता मारत नाहीत. मी बसले ती खुंटा ठोकावा तशी बसले, आणि तिचं उजवं मनगट दोन्ही हातांनी पोटाशी ओढलं. ती माझ्याभोवती अर्धी गिरकी घेऊन आली आणि थेट माझ्या मांडीवर आदळली. कोपर माझ्या बरगडीत, अंबाडा माझ्या तोंडात. हॉलमध्ये शिट्ट्या! गाणाऱ्या बायका गातच होत्या. त्यांना वाटलं, आम्ही नवीन काहीतरी बसवलंय.

"लागलं काय गो?" मी तिच्या कानात विचारलं. "खुबा बघ. पाय हलव."

तिने एक पाय हलवला, मग दुसरा हलवला. मग स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं आणि किंचाळली, "घड्याळ!"

घड्याळ दुसऱ्या रांगेत एका बाईच्या पायाशी पडलं होतं. तिने ते आणून दिलं. काच शाबूत, टिकटिक चालू. जावेने तिथेच मांडी घालून बघितलं आणि म्हणाली, "एक कडी कमी हा." मग काय, आमचा सगळा गट नऊवारी खोचून गुडघ्यांवर, स्टेजवर कडी शोधतोय, आणि माईकवरची बाई विनवतेय, "कृपया पुढच्या गटाला जागा द्या." कडी माझ्याच पदराला अडकलेली सापडली. माझ्या तळव्याचं रक्त लागलं होतं तिला.

बक्षीस मिळालं नाही. खेळ मध्येच थांबला म्हणून गुण कापले, असं कळलं. दुसऱ्या दिवशी तिचा एक्स-रे काढला. सगळी हाडं जागच्या जागी. डॉक्टर तिला बोललाच, आणि मला जास्त बोलला. मी म्हटलं, आम्हाला ओरडू नका, पट्ट्याला ओरडा.

तिथून ती आपणहून सोनाराकडे गेली, न सांगता, माझ्या पुढे चालत. घड्याळ आणि ती तुटकी कडी काउंटरवर ठेवली. "घे, पाहिजे तेवढे दिवस ठेव. पण असा कर, की माझ्या वैनीच्या हातातून पुन्हा सुटता कामा नये."

"आजी, पुन्हा फुगडी घालणार?"

"मग काय, तुझ्यासारखी दिवसभर बसून राहू?"

खिळे नवे झाले, कड्या कमी झाल्या, पट्टा आता हातावर बेतात बसतो. पीठ मळताना ती घड्याळ काढते आणि फडक्यावर ठेवते. फुगडीला उभी राहताना तर ते दिराकडे देते, आणि तो टीव्ही सोडून घड्याळ सांभाळत बसतो.

त्या दिवशी स्टेजवर फुगडीला आम्ही दोघी होतो. दोघीही जिवंत आहोत.