अमावस्येला वाचलेलं पत्रक

अन्याय झाला तो वडगावच्या एका विणकरावर. सुरुवात झाली ती महायुद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी, माघातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, पन्नास माणसांच्या कानांदेखत. तो माझा दोस्त. आणि त्याच अमावस्येनं मला लेखक केलं.

वडगावात अमावस्येला माग बंद असतो. आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा हातात घ्यायचा नाही, पुसून ठेवायचा. एरवी धोट्यांच्या खडखडाटात गल्लीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी चिमणी ओरडली तरी कळतं. म्हणून आम्ही ठरवलं होतं, पत्रक अमावस्येलाच वाचायचं, आणि वाचायचं माझ्या दोस्तानं. सुताचे व्यापारी सूत ओलं करून वजनाला देत, वाळलेलं लुगडं तोलून घेत आणि कमी भरलं की विणकराला चोर म्हणत, त्याबद्दलचं. त्यानं चार पानं लिहिली होती. मीही माझं एक खरडलं होतं, सवयीनं.

तो बहिणीला आणायला लोंढ्याला गेलता. गाडी आलीच नाही. लोक कट्ट्यावर बसून कंटाळले. शेवटी त्याची आई, जिला सगळी गल्ली आक्का म्हणते, मला म्हणाली, "तू तर वाच की रं काहीतरी. माणसं उठाय लागली."

मी वाचलं. बरं वाचलं, खोटा विनय मला जमत नाही. पण त्या दिवशी बेळगावचा एक छापखानेवाला लेकीच्या लग्नाचं लुगडं बघायला आला होता. माग बंद, म्हणून बिचारा ताटकळत कट्ट्यावर बसलेला. त्यानं माझा कागद उचलला आणि आठवड्यात छापला. पुढची तीन पत्रकंही माझीच. आता सभेत पुढारी पाठीवर थाप मारून सांगतात, "ही जन्मजात लेखणी!" जन्मजात कसली? लोंढ्याची गाडी आली नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दोस्त परतला आणि हट्टानं त्याच कट्ट्यावर उभा राहिला. सगळे माग सुरू. तो वाचतोय, गळ्याच्या शिरा फुगल्यात, आणि ऐकू येतोय फक्त धोटा.

"मोठ्यानं रं!" एकजण आतून ओरडला.

"बाहेर ये की, आप्पा!" दोस्त कट्ट्यावरून.

"येतो की. सूत तुटलं तर तू सांधणार हाईस व्हय?"

गल्ली हसली. तो चारही पानं वाचून उतरला. मी शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. त्यात एक वाक्य होतं : 'पाणी त्यांनी विकलं, वाळवलं आम्ही, आणि चोरी आमच्या नावावर.' असं वाक्य मला आजवर सुचलेलं नाही.

इथवर नशीब. गाडीवर माझा राग नाही. राग आहे तो पुढच्यावर. छापखानेवाल्याला मी दोनदा सांगितलं, त्याचं छापा. तो म्हणाला, "तुमचंच द्या हो. तुमचं नाव झालंय." एका वर्तमानपत्राच्या संपादकाला सांगितलं, तो म्हणाला, "विणकराचं कोण वाचतंय?" याला नशीब म्हणू नका. हे ठरवून केलेलं काम आहे. परवा दोस्त मला म्हणाला, "मी आता लिहीत न्हाय. तूच लिही, तुझं लोक ऐकत्यात." ती चार पानं त्याच्याकडे आहेत; चुलीत जायची तेवढी राहिलीत.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, तुम्हाला सरळ सांगतो. माझं पुढचं पत्रक मागू नका, मी देणार नाही. याच आठवड्यात वडगावला जा. तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला असेल; तुम्हीही खाली जमिनीवर बसा, आणि ती पानं त्याच्या तोंडून पुरी ऐका. मग छापखान्यात जाऊन विचारा, हे कधी छापता? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.