शिवाच्या नावावर

कसालच्या तिठ्यावर बेळगावची एसटी थांबली की गुरुदास परब चहाच्या दुकानातून उठत. गाडीवरून काळी ट्रंक उतरली आणि तिच्यामागे खाकीतला माणूस दिसला, की ते पुढे होऊन विचारत, "कागद खंय आसत?" कसा आहेस, किती वर्षांनी आलास, हे सगळं मागाहून.

दुकानात हशा व्हायचा. "परबानू, लग्नात बायलेकय आधी कागदच इचारल्यात काय हो?"

"इचारूक होयो होतो," परब म्हणत.

थट्टेमागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. १९४६ साली परब लढाईवरून परतले ते डाव्या हाताची तीन बोटं इटलीत ठेवून. सुटकेचे कागद त्यांनी पेटीत घालून माळ्यावर टाकले. गेलेल्या बोटांची पेन्शन मिळते, अर्ज मुदतीत करावा लागतो, हे कुणीतरी सांगेपर्यंत मुदत उलटली होती आणि कागदांना वाळवी लागली होती. तेव्हापासून ते तिठ्यावर बसत. कुणाची पेन्शन, कुणाला फौजी इस्पितळातली खाट, सगळे अर्ज स्वतः लिहून जिल्ह्याच्या सैनिक बोर्डाकडे पाठवत. बोर्डाच्या लोकांचा त्यांच्या अक्षरावर विश्वास होता.

१९५८च्या मार्गशीर्षात शेजारच्या वाडीतला दत्ताराम उतरला. ट्रंक उचलताना त्याला खोकल्याची अशी उबळ आली की गाडीचा दांडा धरून तो खाली बसला. काश्मीरच्या थंडीत छाती गेली, पलटणीनं घरी पाठवलं. परबांनी त्याचा कागद उघडला आणि पहिल्याच ओळीवर थांबले. नाव होतं शिवा.

"ह्यो तुझो दादा."

"होय."

"शिवाक मी खांदो दिलंय, दत्ताराम. सात वर्सां झाली."

दत्तारामानं मान खाली घातली. भरतीच्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. सोळाच्या पोराला कोण घेणार? म्हणून थोरल्या भावाचा दाखला घेऊन भावाच्याच नावानं तो फौजेत शिरला. शिवाचं लग्न झालेलं होतं, म्हणून कागदावर बायको म्हणून शिवाच्या बायकोचं, तुळसाचं नाव लागलं. पुढे शिवा तापानं गेला. दत्तारामाचं सावित्रीशी लग्न झालं. पण नाव बदलायला गेलं तर लबाडी उघडी पडणार, म्हणून कागद होता तसाच राहिला.

आता चौकशीला अधिकारी घरी येणार होता. खरं सांगितलं तर पेन्शन नाही, आणि पुण्याच्या इस्पितळातली खाटही नाही. त्या छातीनं दत्तारामानं पुढचा पावसाळा काढला नसता.

परब तीन दिवस तिठ्यावर गेले नाहीत. इतक्या वर्षांत त्यांनी एक ओळ खोटी लिहिली नव्हती. चौथ्या दिवशी दत्तारामाच्या पडवीत बसून, कुणाच्या तोंडाकडे न बघता, त्यांनी वाट सांगितली. सात वर्षांपूर्वी गेला तो धाकटा, दत्ताराम, असं पंचांनी लिहून द्यायचं. जगलाय तो शिवा. म्हणजे तुळसा त्याची बायको. आणि सावित्री मेलेल्याची विधवा.

आत दत्ताराम खोकत होता.

"माका कुंकू लावन उभी करतलास?" तुळसा म्हणाली. "सात वर्सां ह्या कपाळ उघडा आसा. लोक काय म्हणतले?"

"एकच दुपार गो."

"तुमची तीन बोटांच गेली, परबानू. म्हणान तुमका एक दुपार वाटता."

परबांनी तुटका हात मांडीखाली घेतला. सावित्री दारातून इतकंच म्हणाली, "वैनी, तेंका खाट मिळांदे."

अधिकारी येणार त्या सकाळी सावित्रीनं करंडा काढला. आपलं बोट बुडवून जावेच्या कपाळावर कुंकू रेखलं. हातातले हिरवे चुडे साबण लावून एकेक उतरवले आणि तुळसाच्या हातात चढवले. तुळसाचा हात रुंद. एक बांगडी चढताना वाढली. मग सावित्री न्हाणीत गेली आणि आपलं कपाळ धुऊन आली.

"ह्या तुमच्या पत्नी?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"होय साहेब," दत्ताराम जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि ह्या?"

"धाकट्या भावाची बायको," परब म्हणाले.

अधिकारी भला माणूस. त्यानं सावित्रीला हळू आवाजात विचारलं, "किती वर्षं झाली, बाई?"

"सात," सावित्री म्हणाली.

तुळसाचा अंगठा घेऊन तो गेला.

पेन्शन आली, खाट मिळाली. दत्ताराम आणखी तीन वर्षं जगला. १९६१च्या श्रावणात पुण्याहून तार आली. तुळसाच्या नावानं. तुमचे पती शिवा वारले.

तेराव्यानंतर परब विधवेच्या पेन्शनचा अर्ज घेऊन आले. शाईची डबी उघडली तशी सावित्रीनं हात पुढे केला. "माझो अंगठो घेवा. मी तेंची बायल."

परबांनी डबी तिच्यापुढून सरकवली. "तुझो ठसो थंय नाय गो. तुळसाचोच लागतलो."

तुळसानं अंगठा उठवला. "पैसो सगळो तुझो," ती जावेला म्हणाली. "पण माझ्या जिवात जीव आसा तवसरच हां. मी गेलंय की गेलो."

तेव्हापासून दरवर्षी मार्गशीर्षात सावित्री तुळसाला हाताला धरून तिठ्यावर आणते. हयातीचा दाखला परबच लिहितात. तुळसाचे पाय अलीकडे सुजतात.

"ही माका मरूक देना नाय, परबानू," यंदा तुळसा हसत म्हणाली. "आपण कोरी पेज पिता, माझ्या पेजेत तूप घालता."

सावित्री हसली नाही. परबांनी लिहिलं, समक्ष पाहिली, हयात आहे. खाली सही केली.

दोघी वाडीच्या वाटेला लागल्या. छत्री सावित्रीच्या हातात होती, सावली सगळी तुळसावर. दुकानापासून वीसेक पावलांवर तुळसा खोकली. एकदाच. सावित्री जागच्या जागी थांबली आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.