एकनाथरावांचं भुयार

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीचे एकनाथराव इतिहासाच्या मास्तरकीतून सुटले ते थेट गाईड म्हणून टूरच्या बसमध्ये चढले. गोळकोंडा, कुतुबशाही मकबरे आणि शेवटी कोठीतली इंग्रजांची रेसिडेन्सी, अशी एका दिवसाची फेरी. पैशांसाठी नव्हे, पेन्शन होतं. पण घरी केबल आल्यापासून त्यांचं कुणी ऐकत नसे. बसमधली चाळीस माणसं उतरेपर्यंत तरी जाणार कुठे? स्वतः वाचून पडताळलं नाही ते सांगायचं नाही, हा त्यांचा हेका. मग लोक जांभया देईनात का!

पंच्याण्णव साली कंपनी नव्या मालकाने घेतली आणि उदय नावाचा पोरगेला मॅनेजर गाईडने काय सांगायचं त्याचा छापील कागद घेऊन बसमध्ये बसला. कागदात भुयार होतं, गोळकोंड्यापासून थेट चारमिनारपर्यंत. एकनाथरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

किल्ल्यावर त्यांनी सनावळ्या सांगितल्या, भुयाराचं नावही काढलं नाही. प्रवाशांतल्या नांदेडच्या सुशीलाबाईंनी विचारलं, "ते भुयार कुठंय हो?"

"भुयार-बियार काही नाही!" ते खेकसले.

उदयने त्यांच्या हातातला भोंगा काढून घेतला. "काका, तारखा नक्को हो. लोगां परेशान होतात." मग त्याने भुयार असं रंगवलं की मघाशी सावली शोधणारी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. मकबऱ्यांपाशी तर एकनाथरावांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या माणसांचा त्यांना मनापासून तिरस्कार वाटला. उदयचा थोडा कमीच. निदान तो पगारासाठी खोटं बोलत होता.

रेसिडेन्सीच्या पायऱ्यांशी उदय म्हणाला, "काका, उद्यापासून मीच सांगतो. तुम्ही आता घरी आराम करा."

आराम! म्हणजे ती केबल. एकनाथरावांनी भोंगा हिसकावला.

"ते भुयार चारमिनारला संपत नाही," ते गरजले. "ते इथं येतं. याच पायऱ्यांखाली!"

गोळकोंडा पडल्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी ही इमारत उभी राहिली, हे त्या घोळक्यात त्यांना एकट्यालाच माहीत होतं. पण सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. उदय तर पेन काढून लिहून घेऊ लागला.

"दार कुठंय त्याचं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

पायऱ्यांच्या बाजूला झाडू ठेवायची एक खोली होती, कडी लावलेली. एकनाथरावांनी तिच्याकडे बोट दाखवलं, आणि सुशीलाबाईंनी तिकडे वळून मनोभावे हात जोडले.