पलीकडचा बांध

जाम नदीच्या पलीकडे त्याची संत्र्याची बाग होती, अलीकडे माझी. नाव कधी विचारलं नाही. घरात आम्ही त्याला ‘पलीकडचा’ म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात सरकारी मशीन नदीतला गाळ काढायला आलं आणि सगळा गाळ त्याच्याच काठावर रचून गेलं. त्याला पुरुषभर उंच बांध मिळाला, मला मशीनसोबतच्या साहेबाचं नुसतं ‘अगले साल’.

श्रावणात पूर आला. माझ्या काठावरची झाडं गेली. त्याचा बांध शाबूत राहिला. त्यावर तो रोज उकिडवा बसून बिडी ओढायचा, अन् इकडे माझ्या पोटात आग पेटायची.

पांढुर्ण्याच्या बाजारात तो दिसला तेव्हा मी तोंड फिरवलं. तोच जवळ आला.

“भाऊ, तुमचं पानी निघून गेलं ना?”

“दुसऱ्याच दिवशी,” मी तुटकपणे म्हणालो.

“साहेबानं बांधाले मोरीच नाही ठेवली. मागच्या नाल्याचं पानी बागेतच अडून हाये. झाडाईची मुळं सडून राहिली.” त्यानं बिडी चपलेखाली विझवली. “बांधावर बसून रोज तुमचीच बाग पाहतो. तुमच्यावर जळून राहिलो जी.”

एवढ्या वर्षांत माझ्या बागेवर जळणारा तो पहिलाच माणूस.