पाकळी उजवी पडेपर्यंत

आमच्या हळर्णच्या देवळात मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवून देवाचा कौल घेतात. उजवीकडची पाकळी आधी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. पाकळ्या लावणारा भट मी. त्यामुळे माणूस देवाला काय विचारतो ते मला कळतं, आणि काय ऐकायचं ठरवून आलाय ते त्याच्याही आधी कळतं.

गोकुळदास या असल्या भक्तांचा शिरोमणी. डिचोलीच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत अकाउंटंट. दर मार्चला कौलाला यायचा. शेठला वाढीव कर्ज हवं, बँकेला वाढलेली विक्री हवी, आणि पंप तर गोदामात धूळ खात पडलेले. मग ते पंप गोकुळदासने मार्चमध्ये कागदावर विकायचे आणि एप्रिलमध्ये परत आले म्हणून दाखवायचे. शेठ एवढंच म्हणे, "तुका जमना जाल्यार सांग, दुसरो बघतां." पर्वरीच्या फ्लॅटचा हप्ता होता, मुलीच्या, गौरवीच्या कॉलेजची फी होती. माणूस घाबरणारच, नाही कोण म्हणतो? पण स्वतःची भीती देवाच्या गळ्यात बांधायची, याची मला चीड येते.

पहिल्या वर्षी त्याने ही खोटी विक्री लिहिण्याबद्दल सरळ विचारलं, "देवा, विकूक नाशिल्लो माल विकलो म्हण बरयलो, तर चलतलें?" डावी पडली. "प्रश्न चुकलो," म्हणाला. मग विचारलं, "कामगारांच्या पगारासाठी बरयलो तर?" पुन्हा डावी. शेवटी म्हणाला, "कंपनीचें बरें जातलें मू?" उजवी पडली. पेढे वाटून गेला. आकडा हवा तसा येईपर्यंत फिरवायची सवय या गृहस्थाने थेट गाभाऱ्यात आणली. करून सवरून नामानिराळा, आणि वर साक्षीला देव!

यंदा बँकेची माणसं गोदाम तपासायला येणार असं कळलं. शेठ लगेच दुबईला निघून गेला. मागे राहिलेल्या एकूण एक कागदावर सही गोकुळदासची. वकिलाने त्याला बजावलं होतं, आधी जाऊन सांगितलंस तर निदान तुझं ऐकून घेतील, नंतर सापडलास तर सगळं तुझ्याच माथी. तरी हा घरात बसून.

शेवटी तपासणीच्या आदल्या दिवशी त्याची बायको देवकी त्याला ओढतच देवळात घेऊन आली. तोंड तिनेच उघडलं, "देवा, बँकेची माणसां फाल्यां येतली. ताच्या आदीं ह्यांणी वचून सगळें खरें सांगचें काय?"

मी पाकळ्या लावल्या. हात मागे घेतो न घेतो तोच उजवी पडली. इतक्या घाईने देवाने दिलेलं उत्तर मी आजवर पाहिलं नव्हतं. देवकीला रडू फुटलं, ती हात जोडून तशीच खाली बसली.

गोकुळदास पडलेल्या पाकळीकडे बघत राहिला. मग घसा खाकरून मला म्हणाला, "भटजी, पाकळ्यो परत एक फावट लायात."