रेंजच्या दगडावरचं दुकान

आमच्या गावात घरात बसून फोन लागत नाही. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता सोडून आत वळलं की फोनवरच्या काड्या एकेक करून जातात आणि गावात पोचेपर्यंत एकही उरत नाही. मग वरच्या माळावर जावं लागतं. तिथे एक सपाट काळा कातळ आहे. त्याच्यावर उभं राहिलं की रेंज येते, खाली उतरलं की जाते. त्याला सगळे रेंजचा दगड म्हणतात.

त्या दगडाची एक रीत आहे. कुणी फोनवर बोलत असेल तर बाकीच्यांनी बाजूच्या ऐनाच्या झाडाखाली थांबायचं, बोलणं ऐकू येणार नाही इतक्या लांब. ही रीत कुणी घालून दिली ते मला माहीत नाही. कुणाची आई सासरी गेलेल्या मुलीशी बोलत असते, कुणी कंपनीतून कमी केल्यावर दुसरीकडे काम विचारत असतो. घरात बोलता येत नाही ते गाव त्या दगडावर बोलतं आणि झाडाखालचे लोक दुसरीकडे बघत बसतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या दगडामुळे आणि या रीतीमुळेच झालं.

माझी आत्या आमच्याकडे राहते. ती बैलांचे साज करते. सुताचे रंगीत गोंडे, तोंडावर बांधायच्या म्होरक्या, गळ्यातले घुंगरांचे पट्टे. पाय लांब करून बसायचं, सुताचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, आणि दोन्ही हातांनी पीळ देत जायचं. मी लहानपणापासून बघते आहे, तरी शेवटची गाठ नक्की कधी पडते ते मला अजून दिसलेलं नाही. एका क्षणी नुसतं सूत असतं आणि दुसऱ्या क्षणी गोंडा. वर्षभर ती हे करत राहते आणि पौषात म्हशाच्या जत्रेत, जिथे बैलांचा बाजार भरतो तिथे, गोणपाट अंथरून बसते. तिचा सगळा माल तिथेच जातो. दुसरीकडे कुठे विकायचं असतं हे आमच्या घरात कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

या वर्षी भाताचा भारा घेऊन बांधावरून येताना ती घसरली. पाय मोडला. जत्रा आली तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. बाबा मुरबाडच्या कंपनीत पाळीवर, आई वाल खुडायला जायची, माझी परीक्षा. मी म्हटलं, परीक्षा बुडवून मी बसते. आत्या म्हणाली, "बैलाच्या म्होरं उभी राह्यली तरी थरथरतेस. माल काय विकशील?" ते खरंच होतं.

जत्रा होऊन गेली. माल ओटीवरच्या वाशांना तसाच लटकत राहिला. वारा आला की सगळे घुंगरू एकदम वाजायचे आणि आत्या तिकडे पाठ फिरवायची. एके दिवशी ती आईला म्हणाली, "उरलेलं सूत घे. तोंडल्याच्या मांडवाला बांधायला होईल."

आई म्हणाली, "आणि पुढच्या वर्षी?"

"बैल तरी कुठं राह्यलेत आता? बास झालं."

आईने सूत मांडवाला वापरलं नाही, पण परतही दिलं नाही. तसंच कोनाड्यात ठेवलं.

मी शहापूरला कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे तिथे शिकवलेलं घरी उपयोगी पडेल की नाही हे मला कधीच नीट कळत नाही. त्या आठवड्यात वाणिज्यच्या मॅडमनी सांगितलं होतं की छोट्या धंद्याची नोंद इंटरनेटवरच्या नकाशावर आणि डिरेक्टऱ्यांमध्ये फुकट करता येते. एकच सांभाळायचं, नाव, पत्ता आणि नंबर सगळीकडे अगदी सारखा द्यायचा. मी मागच्या बाकावर बसून ते लिहून घेतलं. विचारायचं होतं की ज्या धंद्याला दुकानच नाही त्याचं काय, पण विचारलं नाही.

घरी येऊन आत्याला विचारलं, "तुझ्या धंद्याचं नाव काय टाकू?"

"नाव कशाला? तोंड बघून लोक येतात."

"तिथे तोंड दिसत नाही गं."

"मग येतील कशाला?"

शेवटी मी 'आत्याचे बैलसाज' असं ठरवलं. सुट्टीचा वार विचारला. रविवार टाकू का म्हटलं तर ती म्हणाली, "रविवारी माजे हात काय गावाला जातात?" फोटो हवा होता. मी वाशांवर लटकलेल्या मालाचा काढायला लागले तर तिने अडवलं. गोंडा बैलाच्या अंगावर नसेल तर तो नुसता सुताचा गुंडा, असं तिचं म्हणणं. गावात आता बैलजोडी एकच उरली आहे, शेजारच्या आबांची. आबांनी आधी खूप भाव खाल्ला. मग स्वतःच बैल धुतला, आत्याने बसल्या जागेवरून सांगितलं तसा साज चढवला आणि मला म्हणाले, "माजा बैल ममईत दिसंल काय?"

"दिसेल, आबा. कुठेही दिसेल."

"मग थांब, शिंगांना त्याल लावतो."

दुसऱ्या दिवशी मी दगडावर जाऊन बसले आणि सगळं भरलं. धंद्याचा प्रकार निवडायचा होता. यादीत बैल नव्हताच. जवळचं म्हणून 'पाळीव प्राण्यांचे साहित्य' घेतलं. पत्त्याशी आल्यावर फोनने विचारलं, तुम्ही आत्ता आहात तेच ठिकाण वापरायचं का? मी हो म्हटलं. नकाशावर आमच्याकडे नुसता हिरवा रंग होता. गावाचं नाव नाही, वाट नाही, काही नाही. त्या हिरव्यात एक लाल खूण उमटली. मग बाकीच्या डिरेक्टऱ्यांमध्येही तेच नाव, तोच नंबर, तीच खूण दिली. मॅडमनी सांगितलं होतं तसं, सगळीकडे सारखं.

नोंद मंजूर झाल्याचा मेसेज आला त्या संध्याकाळी मी दगडावरून उठायचं विसरले. आमचा डोंगर, जो मला समोर दिसत होता, तो माझ्या हातातही होता. आणि जगात कुणीही, कुठेही बसून, तिथे आत्याला बघू शकत होतं. हे कसं होत असेल, याचा विचार करताना मला थोडी भीतीच वाटली.

घरी नकाशा उघडणार नाही, म्हणून स्क्रीनचा फोटो काढून नेला.

"हे हिरवं काय गो?" आत्याने विचारलं.

"आपला डोंगर."

"आणि हे लाल?"

"ते तू."

तिने फोन डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. "मी येवढीच?" म्हणाली. पण फोन लगेच परत दिला नाही.

नंतर बरेच दिवस काही झालं नाही. नंबर माझा होता, त्यामुळे फोन आला तर कॉलेजातच यायचा. एकदा आला. मी लायब्ररीतून धावत बाहेर गेले. पलीकडे एक बाई होती. तिला कुत्र्यासाठी पट्टा हवा होता. मी सॉरी म्हटलं. घरी सांगितल्यावर आत्या हसली नाही. "कुत्र्याचे पट्टे," एवढंच म्हणाली, आणि मला वाटलं की हे केलं नसतं तर बरं झालं असतं. मग डिरेक्टरीवाल्यांचाच एक फोन आला, हिंदीत, की पैसे भरले तर नाव वर दिसेल. तो मी घरी सांगितलाच नाही. आत्याचं प्लास्टर निघालं, ती काठी घेऊन चालू लागली, पण सुताला हात लावला नाही.

मग तो रविवार आला. मी घरी होते. आबा माळावरून खाली आले ते जवळजवळ धावतच.

"कोण मानूस आलाय वर. पिकअप घेऊन. तुमचं दुकान विचारतो."

"खाली का नाही आणलं?" मी विचारलं.

"तो म्हणतो दुकान तिथंच हाय. फोनमदी तसंच हाय म्हणतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी दगडावर बसून ठिकाण दिलं होतं. मी माझ्या मनात गाव दिलं होतं आणि फोनने दगड घेतला होता.

नंतर आबांनी सगळं नीट सांगितलं. ते मुलाला फोन करायला वर गेले, तर दगडावर एक अनोळखी माणूस कानाला फोन लावून उभा. आबा रीतीप्रमाणे ऐनाखाली जाऊन बसले. माणूस फोन ठेवायचा, परत लावायचा. आबांना वाटलं, याचं घरचं काहीतरी मोठं आहे, मध्ये जाऊ नये. खरं म्हणजे तो मला फोन लावत होता आणि माझा फोन खाली घरात, रेंज नसलेल्या कोनाड्यात होता. दोघे असेच राहिले असते. पण पिकअपमधला बैल हंबरला आणि बैल म्हटल्यावर आबांना राहवलं नाही.

तो म्हणाला, "इथं बैलसाजाचं दुकान कुठंय?"

आबा म्हणाले, "इथं? इथं रेंज मिळते."

मग त्याने फोनमधला फोटो पुढे केला. आबा सांगताना इथे थांबले. "माजाच बैल," ते हळूच म्हणाले. "घाटावरच्या मानसाच्या हातात माजा बैल."

तो माणूस माळशेज घाटाच्या वरचा, जुन्नरकडचा होता. शहापूरच्या बाजूने नवीन जोडी घेऊन परत निघाला होता. नवे बैल उघड्या गळ्याने दारात नेत नाहीत. वाटेत साज कुठे मिळेल म्हणून त्याने फोनमध्ये शोधलं होतं.

आत्याला मी हे सांगितलं तेव्हा तिला आधी वाटलं, आम्ही तिची थट्टा करतो आहोत. मग तिने वाशांकडे बघितलं. "काढा सगळं," म्हणाली. "वर न्या."

"तू बस इथे. आम्ही दाखवतो," आई म्हणाली.

"आणि म्होरकीचं माप? ते काय फोन घेईल?"

ती माळ चढली. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर. पाय मोडल्यापासून ती इतकं चालली नव्हती. मध्ये थांबायची, दम घ्यायची, आणि मी थांबू या म्हटलं की चिडायची. पुढे आई आणि आबा डोक्यावर गाठोडी घेऊन चालले होते आणि प्रत्येक पावलाला घुंगरू वाजत होते.

वर पिकअपचा मागचा फाळका खाली सोडलेला होता. बैल उतरवून ऐनाला बांधले होते. पांढरे, उंच, शिंगं मागे वळलेली. मी लांबच थांबले. आत्या सरळ पहिल्या बैलाजवळ गेली, काठी माझ्याकडे दिली आणि त्याच्या नाकावर हात ठेवला. मग वितीने त्याचं तोंड मोजलं, कपाळ मोजलं, गळ्याखालून हात घालून मान मोजली. बैल हलला नाही. तो नवीन मालकाचा झाला होता, गाडीतून आला होता, अनोळखी माळावर उभा होता आणि तरी हलला नाही. एक म्होरकी थोडी आखूड होती. ती तिने तिथेच दगडावर बसून उसवली. फास अंगठ्यात अडकवला, त्याच मोडलेल्या पायाच्या, आणि परत पीळ देऊ लागली. आम्ही सगळे नुसते बघत उभे होतो. शेवटची गाठ मला त्या वेळीही दिसली नाही.

साज चढला. बैलांनी माना हलवल्या आणि माळभर आवाज झाला. तो आवाज मी म्हशाला गर्दीत ऐकला होता, पण असा, मोकळ्या माळावर, फक्त दोन बैलांचा, कधीच नाही.

तो माणूस म्हणाला, "मावशी, आमच्या भावकीतही तीन-चार जोड्या आहेत. आणखी घेऊन जातो. पुढच्या वर्षी म्हशालाच भेटायचं का?"

आत्याने बैलाच्या गळ्यातला पट्टा सारखा केला आणि म्हणाली, "म्हशाला बी हाय. आणि इथं बी हाय."

त्याने घरी पोचल्यावर नोंदीखाली दोन ओळी लिहिल्या. मी त्या दगडावर बसून वाचल्या. 'दुकान नाही, पण ठिकाण बरोबर आहे. आवाज द्या, मावशी येतात.'

मला खूण हलवून घरावर आणायची होती. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला सापडलं ना तिथं? मग ऱ्हाऊ दे तिथंच." कोनाड्यातलं सूत तिने परत मागून घेतलं. आईने ते काढून दिलं.

आता आत्या रविवारी माळावर येते. गोणपाट ऐनाच्या फांदीखाली अंथरते, पाय लांब करते, आणि माझा फोन दगडावर ठेवते. कधी कुणी येतं, बहुतेक वेळा येत नाही. गेल्या रविवारी फोन वाजला. मी उचलला. कुणाला तरी कुत्र्यासाठी पट्टा हवा होता. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात आत्याने हात पुढे केला.

तिने आयुष्यात त्या दगडावर कधी फोन घेतला नव्हता. तिला कुणाचा येणार? ती उठून दगडावर गेली, फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि म्हणाली, "मान केवढी हाय त्याची? वितीनं मोजून सांगा."

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि हाताने झाडाकडे खूण केली. मी समजले. मी ऐनाखाली गेले, ऐकू येणार नाही इतक्या लांब, आणि दुसरीकडे बघत उभी राहिले.